विकतचा साचा, आपली वेबसाईट : नवख्यांसाठी एक पाठ

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी, ठिबक असे विषय घेतो. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने वेबसाईटबद्दल काय सांगावे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात आता ऊस रोपवाटिका वाढल्या आहेत. कुणी गूळ-काकवी विकतो, कुणी गांडूळखत. गिऱ्हाईक आधी मोबाईलवर शोधतं, मग फोन करतं. म्हणून घरातली शिकलेली पोरं-पोरी एखादा तयार साचा, म्हणजे टेम्प्लेट, विकत घेतात आणि त्यावर आपली वेबसाईट उभी करतात. हे काम अवघड नाही. पण त्यात एक चूक मी स्वतः केली आणि तिची किंमत एका सभासदाने मोजली. तीच चूक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा पाठ.

घडले ते असे

२०२३ सालच्या आडसाली हंगामाआधी एका सभासदाच्या मुलीने त्यांच्या रोपवाटिकेसाठी पाच पानांचा साचा विकत घेतला. दोन रविवार तिच्याजवळ बसून मीही मदत केली. रंग बदलले, फोटो घातले, को ८६०३२ आणि फुले २६५ या जातींची माहिती लिहिली. वर ठळक अक्षरांत त्यांचा फोन नंबर टाकला. कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसलं. मी म्हणालो, "झालं काम, अण्णा. आता बुकिंग सुरू होईल."

बुकिंग काही आलं नाही. एक डोळ्याचं रोप पाच-सहा आठवड्यांत लागणीला येतं. त्यापुढे ते ट्रेमध्ये राहिलं तर मुळ्यांचा गुंता होतो आणि पान पिवळं पडू लागतं. जुलै संपत आला तरी रोपं ट्रेमध्येच. मग शेजारच्या तालुक्यातला एक शेतकरी मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, "तुमची वेबसाईट बघून चार वेळा फोन लावला, लागतच नाही. शेवटी रोपं दुसरीकडून नेली. वाटेवर होतं म्हणून सांगायला आलो."

आम्ही मोबाईल काढून बघितलं. दिसणारा नंबर बरोबर होता, पण त्यावर बोट ठेवलं की साच्यातला जुना, नमुन्याचा नंबर लागत होता. आम्ही दिसणारे आकडे बदलले होते, आतला नंबर तसाच होता. शेवटी बरीचशी रोपं अण्णांनी पडेल भावात दिली, काही बांधावर टाकावी लागली. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

यातून मी जो धडा घेतला तो आधीच सांगतो. साचा आपला होतो तो रंग बदलल्याने नव्हे. त्यात दुसऱ्याचं जे जे आहे ते शोधून काढलं आणि तिथं आपलं खरं भरलं, की तो आपला. आता क्रमाने पाहू.

१. साचा घेताना

साचे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक साध्या एचटीएमएल पानांचा. दुसरा वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणारा, ज्याला थीम म्हणतात. वर्डप्रेस २००३ सालापासून आहे आणि ज्यांना दर आठवड्याला नवीन मजकूर टाकायचा आहे त्यांना ते सोयीचं पडतं. चार-पाच पानांत भागत असेल तर साधा साचा पुरतो.

पैसे भरण्यापूर्वी नमुना स्वतःच्या मोबाईलवर उघडून बघा, कारण आपलं गिऱ्हाईक मोबाईलवालंच आहे. परवाना वाचा. बहुतेक ठिकाणी साध्या परवान्यात तो साचा एकाच वेबसाईटसाठी वापरता येतो, भावकीतल्या चौघांनी मिळून एकच साचा चालवायचा नसतो. तसेच नमुन्यात दिसणारे फोटो बऱ्याचदा विक्रीत धरलेले नसतात. ते सुंदर दिसतात म्हणून साचा घेऊ नका. आपले फोटो घातल्यावर तो कसा दिसेल याचा विचार करून घ्या.

२. आधी मूळ प्रत बाजूला ठेवा

साचा दाबून बांधलेल्या झिप फाईलमध्ये येतो. ती उघडली की आत पानं, चित्रं आणि सजावट यांची वेगवेगळी फोल्डर दिसतात. वापरायची माहितीही बहुधा सोबत असते, ती आधी वाचा.

त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे पूर्ण साच्याची एक प्रत वेगळी ठेवणे. पायाभूत बेणेमळ्यातला ऊस आपण गाळपाला घालत नाही, तो बेण्यासाठीच राखतो. मूळ प्रतीचं तसंच आहे. तिला हात लावायचा नाही. काम दुसऱ्या प्रतीवर करायचं, आणि दिवसाचं काम संपलं की त्या प्रतीला तारखेचं नाव देऊन ठेवायचं. उद्या काही बिघडलं तर कालच्या प्रतीवर परत येता येतं.

३. दोन भाषा ओळखा

एचटीएमएलमध्ये पानाचा मजकूर आणि त्याची मांडणी असते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, त्यातूनच ही भाषा पुढे आली. कोनी कंसातले शब्द हे यंत्राला दिलेले हुकूम असतात. नवख्या माणसाने दोन कंसांच्या मधला मजकूर बदलावा. कंसाच्या आत हात घालताना मात्र जपून, कारण एक कंस चुकून पुसला गेला तरी अर्धं पान विस्कटतं.

सीएसएसमध्ये सजावट असते, म्हणजे रंग, अक्षराचा आकार, मोकळी जागा. होकोन विउम ली यांनी ती १९९४ साली सुचवली. यात रंग लिहिण्याची नेहमीची पद्धत म्हणजे जाळीचं चिन्ह आणि पुढे सहा अक्षर-आकडे. पहिले दोन तांबड्याचे, मधले दोन हिरव्याचे, शेवटचे दोन निळ्याचे.

साच्याची मूळ सजावटीची फाईल खोदत बसू नका. स्वतःची एक छोटी वेगळी फाईल करा आणि पानात ती मूळ फाईलच्या खाली जोडा. दोन नियम सारख्या वजनाचे असतील तर मागाहून आलेला नियम चालतो. त्यामुळे आपले सगळे बदल एका जागी राहतात आणि नको असलेला बदल काढणं सोपं जातं. वर्डप्रेसवाल्यांनी याच कारणाने 'चाइल्ड थीम' करावी. थेट मूळ थीममध्ये केलेले बदल थीमची नवी आवृत्ती आली की पुसले जातात.

एका वेळी एकच बदल करायचा, साठवायचा आणि पान ताजं करून बघायचं. दहा बदल एकदम केले की बिघाड कशाने झाला ते कळत नाही. बदल करूनही दिसत नसेल तर घाबरू नका. ब्राउझर बऱ्याचदा जुनी साठवलेली फाईलच दाखवतो. कंट्रोल आणि एफ-५ ही बटणं एकत्र दाबून बघा.

४. मराठी अक्षरांची काळजी

बहुतेक साचे इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेले असतात. त्यात मराठी भरली की चार अडचणी हमखास येतात.

पहिली अडचण मजकुराची. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर नुसती खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला हवा, आणि पानाच्या वरच्या भागात 'यूटीएफ-८' ची नोंद आहे का ते पाहावं. तिथेच भाषा इंग्रजी लिहिलेली असते, ती मराठी करावी. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची दिसतात.

दुसरी अडचण फॉन्टची. साच्यातल्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं बहुधा नसतातच. मग प्रत्येक मोबाईल आपल्याजवळचा कुठला तरी फॉन्ट लावतो. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता हे फॉन्ट फुकट मिळतात आणि सुवाच्य आहेत.

तिसरी अडचण शिरोरेघेची. इंग्रजी मथळे ऐटबाज दिसावेत म्हणून साच्यात अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असतं. त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात. मराठीत त्याने शिरोरेघ जागोजागी तुटते आणि 'रोपवाटिका' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आपल्या सजावटीच्या फाईलमध्ये हे अंतर शून्य करा.

चौथी अडचण ओळींची. आपल्याला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात. ओळींतलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी.

५. फोटो

फोटो स्वतःच्या रोपवाटिकेचेच घ्या. सकाळच्या उन्हात काढलेला ट्रेचा साधा फोटो परक्या हिरव्यागार शेतापेक्षा जास्त विश्वास देतो. मात्र मोबाईलचा मूळ फोटो कित्येक एमबीचा असतो. असे सहा फोटो एका पानावर टाकले तर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडतच नाही. रुंदी बाराशे ते सोळाशे पिक्सेल आणि वजन दोन-तीनशे केबी एवढं पुरे. फाईलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावं.

६. परकं ते सगळं काढा

या कामाला घाई करू नये. साच्यात जागा भरण्यासाठी 'लोरेम इप्सम' या शब्दांनी सुरू होणारा मजकूर असतो. तो रोमन वक्ता सिसेरो याच्या लॅटिन ग्रंथातून मोडतोड करून घेतलेला आहे, वाचण्यासाठी नाही. तो एखाद्या कोपऱ्यात राहिला तर नुसतं हसू होतं. खरा धोका पुढच्या गोष्टींत आहे.

फोन नंबर : दिसणाऱ्या आकड्यांच्या मागे, कोनी कंसात 'टेल' या शब्दापुढे तोच नंबर पुन्हा लिहिलेला असतो. आम्ही चुकलो ते इथेच. शिवाय नंबर प्रत्येक पानाच्या वर आणि खाली असतो. पाच पानं म्हणजे दहा जागा, आणि प्रत्येक जागी दोनदा. डोळ्यांनी शोधू नका. संपादकातील 'सर्व फाईलींत शोधा' ही सोय वापरून जुना नंबर शोधा आणि एकही सापडेनासा होईपर्यंत बदला. ई-मेलचंही तेच.

चौकशीचा फॉर्म : नुसतं एचटीएमएलचं पान पत्र पाठवू शकत नाही. त्यामागे सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम लागतो आणि त्यात आपला पत्ता घालावा लागतो. काही साच्यांत बटण दाबलं की 'संदेश पोहोचला, आभारी आहोत' असं नुसतं दिसतं, प्रत्यक्षात काहीच जात नाही. फॉर्म चालवता येत नसेल तर तो काढून टाका आणि फोन नंबर ठेवा. बंद फॉर्मपेक्षा फॉर्म नसलेला बरा.

खोटे ग्राहक आणि आकडे : साच्यात हसऱ्या चेहऱ्यांची शिफारसपत्रं असतात, 'पाचशेहून अधिक समाधानी ग्राहक' असे फिरते आकडे असतात. 'नंतर बदलू' म्हणून ते राहू देऊ नका. आपलं दुसरंच वर्ष असताना पाचशे ग्राहक लिहिणं म्हणजे काट्यावर जादा वजन दाखवण्यासारखंच आहे. जे खरं नाही तो भाग सरळ काढावा. पान छोटं झालं तरी चालेल.

याखेरीज नकाशा, तळाचं साल, समाजमाध्यमांची रिकामी चिन्हं आणि ब्राउझरच्या पट्टीत दिसणारं पानाचं नाव हेही तपासा. हे नाव बदलायला राहिलं तर शोधणाऱ्याला आपल्या रोपवाटिकेच्या जागी साच्याचं नाव दिसेल.

७. तपासणी परक्या माणसाकडून

ज्याने काम केलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही. मीही कॉम्प्युटरवर बघून शेरा दिला होता. तरी वेबसाईट चालू केल्यावर, ज्याला या कामाची काही माहिती नाही अशा शेजाऱ्याच्या मोबाईलवर ती उघडा आणि त्याला एवढंच सांगा : "मला इथून फोन कर, आणि पाचशे रोपांची मागणी नोंदव." तुम्ही जवळ बसा, पण त्याला सुचवू नका. तो जिथे अडेल तिथे गिऱ्हाईकही अडणार. फोन तुमच्या हातात वाजला आणि मागणी तुमच्यापर्यंत आली, तरच काम झालं समजा. ही तपासणी प्रत्येक हंगामाच्या तोंडावर पुन्हा करावी : आडसालीसाठी जूनमध्ये, पूर्वहंगामीसाठी सप्टेंबरमध्ये, सुरूसाठी नोव्हेंबरमध्ये. संपलेल्या जातीचं नाव आणि गेल्या वर्षीचा दर त्याच वेळी काढून टाकावा.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) मूळ प्रत राखून ठेवा. २) एका वेळी एकच बदल करा. ३) आपली सजावट वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. ४) मराठीसाठी योग्य फॉन्ट लावा आणि अक्षरांतलं अंतर शून्य करा. ५) फोटो हलके ठेवा. ६) नंबर दिसणारा आणि आतला, दोन्ही बदला. ७) खोटे आकडे काढा. ८) दुसऱ्याच्या मोबाईलवर तपासा.

जाता जाता सांगतो. त्या मुलीने वेबसाईट बंद केली नाही. आम्ही तिघांनी बसून प्रत्येक पान पुन्हा तपासलं, आणि पूर्वहंगामी लागणीच्या वेळी पहिला फोन आला तेव्हा अण्णांनी तो उचलण्याआधी माझ्याकडे बघितलं. तो आवाज मला अजून आठवतो.

ज्या सभासदांच्या घरी असं काम चालू आहे त्यांनी वेबसाईट लोकांसाठी खुली करण्यापूर्वी एकदा शेतकी ऑफिसला दाखवून जावी, ही विनंती. माझ्या मोबाईलवरून फोन लावून बघायला मला पाच मिनिटं लागतील. तूर्त इतकेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी