सांडपाण्यातील नत्र व स्फुरद

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष झाले, असे नव्हे. मलमूत्रातून व धुण्याच्या चुऱ्यातून आलेले नत्र व स्फुरद त्यात विरघळलेले राहू शकतात. शेताला हवे असणारे हे खत तलावात पोचले की शेवाळ व जलपर्णी माजते.

ही द्रव्ये काढण्याचे काम जीवाणूंकडून करून घेता येते. हवा खेळविलेल्या टाकीत काही जीवाणू अमोनियाचे नायट्रेट बनवितात. ते पाणी हवा नसलेल्या टाकीत परत फिरविल्यास तेथील जीवाणू ताज्या सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जगतात, श्वसनासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातो.

स्फुरदाला अशी वाट नाही. काही जीवाणू प्राणवायू व नायट्रेट दोन्ही नसताना स्फुरद सोडतात आणि हवा मिळताच सोडल्याहून अधिक शोषून घेतात. या गुणाचा उपयोग करणारी पद्धत दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. शोषलेला स्फुरद गाळाबरोबरच बाहेर काढावा लागतो. म्हणून केंद्राचा आराखडा तपासताना गाळाच्या व्यवस्थेची चौकशी आधी करावी. हवेविना साठून राहिलेला गाळ तोच स्फुरद पुन्हा पाण्यात सोडतो.