औंसाचे कापड, ग्रॅमचा हिशोब

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकाकडे अमेरिकेतील गिऱ्हाइकाची चौकशी आली, तर तिच्यात 'कॅनव्हास, १० औंस' असे लिहिलेले असू शकते. आपला हिशोब मात्र जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. एका मापातून दुसऱ्यात जाताना नफा कसा गळतो, ते आज पाहू.

१० औंस हे एका चौरस वाराचे वजन. हा औंस २८.३५ ग्रॅमचा. (सराफाचा औंस वेगळा, ३१.१ ग्रॅमचा. नाव एक, मापे दोन!) वार म्हणजे ०.९१४४ मीटर. घाईत माणूस १० औंसांचे २८३.५ ग्रॅम करतो, ०.९१४४ ने भागतो आणि ३१० जीएसएम काढून मोकळा होतो. पण वार इथे चौरस आहे. लांबीसाठी एकदा आणि पन्ह्यासाठी एकदा, असे दोनदा भागले पाहिजे. खरे उत्तर ३३९.

फरक २९ ग्रॅमचा. १०,००० चौरस मीटरच्या ऑर्डरीत तेच २९० किलो सूत होते. कमी सूत धरून भाव दिला असेल तर ते खिशातून घालायचे. ३१० चाच माल विणून पाठवला, तर गिऱ्हाईक नमुना तोलून सगळा माल नाकारू शकते.

म्हणून आकडा कधी एकटा लिहू नये. 'औंस भागिले चौरस वार' असे पूर्ण लिहावे, मग औंसाच्या जागी त्याचे ग्रॅम आणि प्रत्येक वाराच्या जागी त्याचे मीटर ठेवावेत. शेवटी ग्रॅम भागिले चौरस मीटर उरले तर रीत बरोबर. आमचे मुनीम तोंडी हिशोबात पक्के असतात, पण इथे कागद बरा. रीत समजली की 'औंस गुणिले ३३.९ म्हणजे जीएसएम' एवढे भिंतीवर लिहून ठेवले तरी भागते.

सुताच्या नंबरात मात्र गुणाकाराची सवय दगा देते. इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांचे किती हँक बसतात, तो आकडा. नंबर वाढला की सूत बारीक. टेक्स म्हणजे एक किलोमीटर सुताचे ग्रॅममधले वजन. तिथे आकडा वाढला की सूत जाड. त्यामुळे ५९०.५ ला काउंटने भागावे लागते. २० नंबरचे सूत २९.५ टेक्स, ४० नंबरचे १४.८.

२० नंबरचे एक किलो सूत सुमारे ३४,००० मीटर भरते. एका टनाचे झाले ३,४०,००,००० मीटर. शून्ये मोजताना डोळे फिरतात, शिवाय परदेशी कागदावर स्वल्पविराम तीन-तीन घरांवर असतो, आपला लाख-कोटींवर. पुस्तकातली रीत म्हणजे ३.४ गुणिले १० चा ७ वा घात. दशांशचिन्ह सात घरे उजवीकडे सरकवायचे. संगणकाच्या तक्त्यात '३.४ ई ७' असे दिसले, तर तेही हेच.