सणाची नावड : मराठी साहित्यातील एक उपेक्षित भाव

मराठीतील ‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’ या शब्दाशी जोडला जातो. संस्कृतात ‘क्षण’ म्हणजे निमिष, आणि उत्सवही. प्राकृतात या दोन अर्थांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात तो भेद नोंदविला आहे : उत्सव या अर्थी ‘छण’, काळ या अर्थी ‘खण’. व्युत्पत्तीचा हा तपशील येथे केवळ कुतूहलापोटी दिलेला नाही. नित्याच्या कामातून वेगळा काढलेला वेळ ही कल्पना या शब्दाच्या मुळाशी आहे. तेव्हा ज्या माणसाला सणाच्याच दिवशी वेळ मिळत नाही, त्याच्या दृष्टीने त्या दिवसाला सण म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न शब्दातूनच उपस्थित होतो.

मराठी साहित्यातील सणांचा विचार बहुधा वर्णनाच्या अंगाने झालेला आहे. ऋतुचक्र, व्रतवैकल्ये, लोकाचार, पक्वान्ने यांच्या नोंदी विपुल आहेत. सण नकोसा वाटणाऱ्या माणसाची नोंद मात्र क्वचितच स्वतंत्रपणे घेतली गेली. अशा माणसाला अरसिक, कंजूष किंवा नास्तिक ठरवून विषय संपविण्याकडे कल दिसतो. भाषा स्वतः इतकी एकांगी नाही. ‘ऋण काढून सण’ करणाऱ्याला ती हसते. ‘शिमगा जातो, कवित्व उरते’ असे म्हणून ती उत्सवानंतरच्या कटुतेकडे बोट दाखविते. ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीत तर ती पंचांगालाच धारेवर धरते. या नावडीचे स्वरूप तपासले असता एक गोष्ट स्पष्ट होते. सणाला कंटाळलेला माणूस बहुधा आनंदाला कंटाळलेला नसतो. ज्या आनंदाचा खर्च, कष्ट किंवा अपमान आपल्याकडे आणि उपभोग दुसऱ्याकडे, अशा आनंदात सहभागी होण्याची सक्ती त्याला जाचत असते.

१

या सक्तीचे पहिले रूप आर्थिक आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर एक प्रश्न असा होता की, रयत कर्जात बुडते ती लग्नकार्यांच्या व सणांच्या उधळपट्टीमुळे काय? आयोगाचा निष्कर्ष ध्यानात घेण्याजोगा आहे. या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे त्याने नमूद केले. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा या नित्याच्या गरजाच कर्जाची बाजू अधिक वाढवितात, असे त्याचे मत होते. या निष्कर्षाच्या प्रकाशात ‘ऋण काढून सण’ ही म्हण निराळी वाचावी लागते. कर्ज सणामुळे निर्माण होते असे नाही. घरात ते आधीपासूनच असते. सण त्याला दारात आणून उभे करतो. एरवी झाकून राहिलेले दारिद्र्य त्या दिवशी शेजाऱ्याच्या कढईच्या वासाने, मुलाच्या जुन्या सदऱ्याने आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या पाहुण्याने उघडे पडते.

साहित्याने हा प्रसंग कसा हाताळला, याची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या हिंदी कथेतील अमीना ही पोरक्या नातवाला सांभाळणारी म्हातारी आहे. ईद उजाडली आणि घरात दाणा नाही, या विवंचनेत ती ईदलाच दूषण देते. पुढे नातू हमीद जत्रेत मिळालेल्या पैशांतून खेळणे किंवा मिठाई न घेता आजीचे हात भाकरी भाजताना पोळू नयेत म्हणून चिमटा विकत घेतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ मध्ये दिवाळीचा असाच एक प्रसंग आहे. नवऱ्याचे धोतर फाटलेले असते, नवे घेण्याची ऐपत नसते. आई स्वतःला मिळालेल्या भाऊबिजेच्या पैशांतून त्याच्यासाठी धोतर आणविते.

दोन भाषा, दोन धर्म, परंतु रचना एकच आहे. सणाने उघडी पाडलेली उणीव घरातील सर्वांत दुबळी व्यक्ती स्वतःच्या वाट्यातून भरून काढते आणि वाचकाचे डोळे पाणावतात. या दोन्ही कृतींचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यागाच्या तेजात मूळचा प्रश्न दिसेनासा होतो, हेही मान्य करावयास हवे. अमीनाने ईदला दिलेल्या दूषणाला कथेत उत्तर मिळत नाही. नातवाच्या प्रेमाने ते विरघळते. सणाची नावड साहित्यात उपेक्षित राहिली, त्याचे एक कारण या विरघळण्यात आहे. तक्रारीचे रूपांतर कारुण्यात होते, आणि करुण रसाला प्रतिष्ठा असल्यामुळे तक्रार मागे पडते.

२

जेथे असे रूपांतर होत नाही, अशा वाङ्मयाकडे वळल्यास चित्र बदलते. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे सर्वांत विस्तृत क्षेत्र होय. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून गोळा झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ओवीतील नागपंचमी आणि दिवाळी यांचा संबंध देवापेक्षा माहेराशी अधिक आहे. सणाला न्यायला मुऱ्हाळी येणार की नाही, हा तेथील खरा प्रश्न असतो. भाऊ आला तर सण. तो आला नाही, अथवा सासरच्यांनी पाठविले नाही, तर तोच दिवस इतर दिवसांहून अधिक कष्टाचा ठरतो, कारण घरच्या नित्याच्या दळणात सणाच्या दळणाची भर पडते. येथे नावड सणाची नसून सणाने दिलेल्या आणि न पाळलेल्या वचनाची आहे. विशेष म्हणजे ही तक्रार उच्चारली जाते ती त्याच कामाच्या ठिकाणी, पहाटे जात्यापाशी. ऐकणारे दुसरे कोणी नसल्यामुळे तिला त्यागाची झळाळी देण्याचे प्रयोजन उरत नाही.

स्त्रीच्या श्रमाचा हा मुद्दा ग्रामीण जीवनापुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. सणाची साफसफाई, फराळ, सोवळे-ओवळे, आल्यागेल्याची उठबस ही सारी या विषम पायावर चढविलेली कामे होत. सुट्टी कचेरीला असते, स्वयंपाकघराला नसते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला तर सण म्हणजे एका कामाची सुट्टी घेऊन दुसऱ्या कामावर रुजू होणे, असा अनुभव येतो.

या संदर्भात दिवाळी अंकाचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत सणाला वाङ्मयीन रूप लाभले. तेव्हापासून दिवाळीतील त्रासावरचे विनोदी लेखन हा जणू दिवाळीचाच एक भाग होऊन बसला. बोनस पुरत नाही, फटाक्यांनी झोप लागत नाही, जावयाचा दिवाळसण परवडत नाही : या तक्रारी सणाच्या अंकातच छापल्या जातात आणि फराळाबरोबर वाचल्या जातात. विनोद येथे दुहेरी काम करतो. तो नावडीला बोलू देतो आणि त्याच वेळी तिला निरुपद्रवी करतो. मात्र या लेखनात तक्रार करणारा बहुधा घरातील कर्ता पुरुष असतो. खर्चाची तक्रार ऐकू येते, कष्टाची क्वचितच.

३

कष्टाहून कठोर अनुभव वगळले जाण्याचा आहे. संक्रांतीचे अथवा चैत्रातील हळदीकुंकू हा सुवासिनींचा मेळावा. विधवेला तेथे स्थान नव्हते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) आणि हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी या तिन्ही कृती विधवेच्या दुःस्थितीभोवती फिरतात. मंगल प्रसंगी जिचे दर्शनही अशुभ मानले जाई, तिच्या दृष्टीने वर्षातील प्रत्येक सण म्हणजे आपल्या अमंगलत्वाची पुन्हा एकदा दिलेली जाहीर दवंडीच होती. इतर दिवशी ती घरात राबणारी एक व्यक्ती असे. सणाच्या दिवशी ती केवळ विधवा उरत असे. एकोणिसाव्या शतकातील गद्याचे मोठेपण असे की, त्याने या दुःखाला सोशिकतेचा मुलामा न देता त्याच्या कारणांची चौकशी आरंभिली. ही चौकशी अद्याप पूर्ण झालेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ‘यमुनापर्यटन’ नंतर १६५ वर्षांनी असा ठराव करावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

जातीने वगळलेल्यांचे पंचांग तर काही अंशी निराळेच होते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात महारवाड्याच्या आषाढ महिन्याचे चित्रण आहे. सारवलेली घरे, अंघोळी, गोडधोडाचे दिवस यांचे वर्णन लेखिका आस्थेने करते. परंतु त्याच ओघात देवीला वाहिलेले पोतराज, अंगात येणाऱ्या बाया आणि या भक्तीखाली दबलेले अज्ञान यांकडेही ती तितक्याच परखडपणे पाहते. सणाविषयीची ओढ आणि चीड एकाच लेखणीतून एकाच वेळी उतरतात. उपरोधाच्या किंवा त्यागाच्या आश्रयाला न जाता ही दोन्ही टोके सांभाळणे दलित आत्मकथनाने मराठी गद्याला शिकविले.

४

वगळले जाण्याच्या उलट टोकाला ओढले जाण्याचा त्रास आहे. शिमग्याची मोकळीक हे त्याचे जुने उदाहरण. वर्षभराची बंधने एका दिवसापुरती सैल व्हावीत, हे या सणाचे मर्म म्हणून सांगितले जाते. परंतु चिखल उडविणारा आणि ज्याच्या अंगावर तो उडतो, या दोघांची मोकळीक सारखी नसते. रस्त्याने एकटी जाणारी स्त्री हे उत्तम जाणते. मराठीत ‘शिमगा करणे’ म्हणजे आरडाओरडा करून नाचक्की करणे. सणाच्या नावाला हा अर्थ उगाच चिकटलेला नाही.

सार्वजनिक उत्सवांत या सक्तीला वर्गणीची जोड मिळाली. ही व्यथा एकट्या महाराष्ट्राची नव्हे. कालीप्रसन्न सिंह यांच्या ‘हुतोम प्याँचार नक्शा’ या बंगाली कृतीने १८६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत कलकत्त्यातील बारोवारी पूजेची आणि तिच्या वर्गणीदारांची यथेच्छ टर उडविली होती. म्हणजे १८९३ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, त्याच्या तीन दशके आधीच वर्गणी हा भारतीय उपरोधाचा विषय झाला होता. गणेशोत्सवाने लोकशिक्षणाचे आणि राजकीय जागृतीचे कार्य केले, यात शंका नाही. पुढे ध्वनिक्षेपक आला आणि उत्सव न साजरा करण्याचा पर्यायच नाहीसा झाला. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई केली, तथापि वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभाही नंतर ठेवली. आजारी माणूस, तान्हे मूल आणि परीक्षेचा विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे पंधरा दिवस म्हणजेच तो उत्सव.

५

नावडीची परिणती केवळ माघारीत होते असे नाही. ती नवी मांडणीही करते. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये बळीराजाला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानले आणि वामनाला आक्रमक ठरविले. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे बायकांच्या तोंडचे वचन त्यांनी पुरावा म्हणून वापरले. सण तोच, दिवस तोच; परंतु विजय कोणाचा आणि पराभव कोणाचा, याचे उत्तर त्यांनी फिरविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस दसऱ्याचाच होता. अशोक विजयादशमी म्हणून त्याला नवी ओळख मिळाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने होळी लहान करून पोळ्या भुकेल्यांना देण्याचे आवाहन केले, तेही याच जातीचे. या सर्वांनी सण नाकारला नाही; त्याचा वाटा नव्याने करावयास घेतला.

यावरून अभ्यासाच्या दृष्टीने दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सणांच्या वाङ्मयीन अभ्यासात ललित निबंध आणि लोकाचाराच्या नोंदी यांच्या बरोबरीने ओवी, सुधारकी गद्य आणि आत्मकथन यांना साधनग्रंथांचे स्थान द्यावे लागेल, कारण सण ज्यांच्या खांद्यावर उभा असतो त्यांची साक्ष तेथे आहे. दुसरा निष्कर्ष तौलनिक आहे. बंगाली उपरोध, हिंदी कथेतील कारुण्य, मराठी ओवीतील तक्रार आणि दलित आत्मकथनातील परखडपणा ही एकाच भावाची भिन्न रूपे मानून पाहिल्यास भारतीय साहित्यांतील उत्सवाची दुसरी बाजू हाती लागते. ती बाजू आनंदाच्या विरोधात नाही. जो वेळ सर्वांसाठी वेगळा काढल्याचे सांगितले गेले, त्यातील आपला क्षण ती मागत आहे.