गुडघे टेकण्याआधी : चर्चसाठी मूर्ती घेताना

नागपुरातला कॅथलिक समाज आकाराने लहान, पण आलेला चहूबाजूंनी. रेल्वेच्या नोकरीपायी आलेली गोव्याची आणि तामिळनाडूची कुटुंबं, केरळचे लोक, छोटा नागपूरकडचे आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच वाढलेले आम्ही मराठी, रविवारी सगळे एकाच बाकावर बसतो. १८८७ साली इथे धर्मप्रांत स्थापन झाला, १९५३ मध्ये त्याचा महाधर्मप्रांत झाला. सदरच्या संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलपासून वस्तीतल्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंत प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच : नवी मूर्ती आणायची कुठून? शाळेत चित्रकला शिकवायची म्हणून आमच्या धर्मग्राम परिषदेने हे काम माझ्याकडे दिलं आणि पुढे ते माझ्याकडेच राहिलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. कॅटलॉगमधून मूर्ती मागवणं हा शेवटचा उपाय. इथल्या माणसांसाठी इथल्याच हातांनी घडवून घेता येत असेल तर तीच घ्यावी, आणि नागपुरात ती घेता येते.

१. आधी जागा, मग संत

बैठकीत पहिला प्रश्न येतो, "कोणत्या संताची आणायची?" तो थोडा वेळ बाजूला ठेवावा. तिच्यासमोर कोण येणार आणि येऊन काय करणार, हे आधी बोलावं. मिस्सेच्या वेळी सगळ्यांना दिसायची आहे, की भर दुपारी एकट्याने आलेल्या एखाद्या बाईला तिच्याजवळ बसून रडता यायला हवं? या दोन मूर्तींची उंची वेगळी, चेहरा वेगळा, जागाही वेगळी. आम्ही हव्या त्या उंचीचा पुठ्ठा कापून ठरलेल्या जागी आठवडाभर उभा करून ठेवतो. शेवटच्या बाकावरून तो पंख्यांच्या दांड्यांमधून दिसतो का, खांबाआड जातो का, वेदीकडची नजर स्वतःकडे ओढून घेतो का, हे लोकच येऊन सांगतात. म्हाताऱ्या माणसांचं ऐकावं. गुडघे टेकून उठायला हाताला आधार लागतो, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

२. चर्चचे नियम आड येत नाहीत

ट्रेंटची महासभा ४ डिसेंबर १५६३ रोजी संपली. तिच्या शेवटच्या सत्रात प्रतिमांविषयी ठराव झाला : मान प्रतिमेला नाही, ती ज्याची आहे त्याला, आणि नेहमीपेक्षा वेगळी प्रतिमा चर्चमध्ये लावायची तर बिशपांची संमती हवी. त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. कोणतीही एक शैली चर्चने आपली म्हणून ठरवलेली नाही, प्रत्येक काळाची आणि प्रदेशाची कला इथे येऊ शकते, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्याच दस्तऐवजात आणि पुढे १९८३ च्या धर्मविधीसंहितेत प्रतिमांची संख्या माफक असावी, असंही बजावलं आहे. मिस्सेच्या नियमावलीनुसार एका संताची साधारणपणे एकच प्रतिमा असावी. आपल्याकडे वेलांकणी माता, फातिमा माता, लूर्द माता, प्रत्येकीचे भक्त वेगळे आणि प्रत्येकाला आपली मूर्ती हवी. अशा वेळी हा नियम फादरांच्या फार उपयोगी पडतो. "नाही" म्हणण्याचा वाईटपणा त्यांच्या एकट्याच्या माथी येत नाही.

३. क्रूस उचलता आला पाहिजे

वेदीवर किंवा वेदीजवळ ख्रिस्ताची देहमूर्ती असलेला क्रूस हवाच. त्याच्या घडणीवर बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. गुड फ्रायडेला एकच क्रूस वंदनेसाठी पुढे आणतात आणि सगळं चर्च रांगेने येऊन त्याच्या पायांचं चुंबन घेतं. म्हणून हा क्रूस दोघांना धरून उचलता येईल इतक्या वजनाचा असावा, आणि खाली टेकवला की लहान मुलाला व वाकलेल्या आजीला एकाच जागी पायांपर्यंत पोचता यावं. या पायांवर रंगाचा जाड थर देऊ नये. रोमला संत पेत्राच्या बॅसिलिकेत पेत्राचा काशाचा पुतळा आहे, त्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने गुळगुळीत झिजला आहे. ओठ आणि हात लागणारच, हे धरूनच पाय घडवायचे. लाकूड असेल तर नुसतं तेल-मेण पुरे. आणि ख्रिस्ताचा चेहरा जवळून पाहा. पुष्कळ तयार क्रूसांवर तो नुसता झोपल्यासारखा असतो. ज्याचं माणूस मेडिकलच्या वॉर्डात आहे त्याला त्या चेहऱ्यावर दुःख दिसलं पाहिजे.

४. साडीतली मरिया नवी नाही

भारतीय रूपाची मूर्ती म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे आपलं नाही, हे आत्ताचं खूळ आहे." तेव्हा मी आंजेलो द फोन्सेकांचं नाव घेते. १९०२ साली गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर ते जन्मले. मुंबईत डॉक्टरकीचं शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले आणि जे. जे. स्कूलमधून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकूरांकडे गेले. गोव्याला परतून त्यांनी मरिया साडीत रंगवली, तिचा रंग आपल्या बायांचा ठेवला, तेव्हा तिथल्या वरिष्ठ मंडळींना ते मुळीच रुचलं नाही. मग ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले. हा आश्रम अँग्लिकन, चित्रकार कॅथलिक. १९६७ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या पत्नीने जपलेली पुष्कळ चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आली. ती जरूर पाहावीत. मरिया पदर सावरून बसलेली असते, बाळ मांडीवर असतं, आणि तिच्या आजूबाजूची जमीन, झाडं, समई ओळखीची असते. ती कुणाची नक्कल वाटत नाही, कारण फोन्सेकांनी मूळ युरोपीय चित्राला साडी नेसवलेली नाही. त्यांनी बसण्याची ढब, मान, बोटं, सगळंच इथून उचललं आहे.

निवड करताना नेमकी हीच कसोटी लावावी. इटालियन साच्यातल्या मूर्तीला वरून नऊवारी रंगवली म्हणून ती मराठी होत नाही. उभं राहायची पद्धत, खांद्याचा झुकाव, बाळ कडेवर कसं घेतलं आहे, ते पाहा. आपल्या बायका मूल कमरेच्या हाडावर टेकवून घेतात, छातीशी उंच धरत नाहीत. एवढी एक गोष्ट नीट उतरली तर लोक आपणहून जवळ येतात. मात्र हे लोकांवर लादू नये. आमच्याकडे आधी नाताळच्या गोठ्यात अशी मरिया ठेवली, वर्षभराने क्रूसाच्या वाटेची चित्रं बदलली. त्यातही चौदा लाकडी क्रूस जुनेच ठेवले, कारण त्या भक्तीला मुळात गरज क्रूसांची आहे, चित्रं त्यांच्या जोडीला येतात.

५. चितार ओळीत जा

महालातली चितार ओळ सगळ्या नागपूरला गणपती आणि दुर्गेसाठी ठाऊक आहे. तिथे संत घडवायला द्यावा हे फार थोड्यांना सुचतं. जून ते नवरात्र त्यांना मान वर करायला फुरसत नसते; दिवाळी उलटल्यावर जावं, म्हणजे मूर्तिकार निवांत बसून बोलतात.

आम्हाला संत जोसेफ हवे होते. मी सोबत कागद नेला होता : जोसेफजवळ लिलीचं फूल किंवा सुतारकामाचं हत्यार, पेत्राजवळ किल्ल्या, पौलाजवळ तलवार, अंतोनीच्या कडेवर बाळ येशू. ही ओळखचिन्हं मूर्तिकाराला लिहूनच द्यावीत; त्याने ती माहीत करून घ्यावीत ही अपेक्षा बरोबर नाही. त्या वयस्क मूर्तिकारांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई, हे दिवसभर काम कोणतं करत होते जी?" सुतारकाम म्हटल्यावर त्यांनी ओळखीच्या एका सुताराला बोलावून घेतलं आणि त्याच्या हातात पटाशी दिली. मग मातीत तो हात आला : अंगठ्याच्या बुडाशी फुगलेला गोळा, एका बोटाचं नख चेपलेलं, मनगटावर ताणलेली शीर. कॅटलॉगमधल्या जोसेफचे हात मऊ असतात, लिली धरायला केलेले. हे हात पाहून आमच्या इथले मिस्त्री आणि फिटर बराच वेळ मूर्तीसमोर उभे राहिले.

कच्च्या मातीच्या टप्प्यावर दोन कामं करून घ्यावीत. एक, मूर्ती जितक्या उंचीवर बसणार तितक्या उंच पाटावर ती चढवून खालून पाहावी. उंचावरच्या मूर्तीची हनुवटी मोठी आणि कपाळ लहान दिसतं. मूर्तिकार मान थोडी पुढे झुकवून देतात आणि चेहरा परत येतो. दुसरं, फादरांना तिथे घेऊन जावं. साचा निघाल्यावर बदल सांगणं म्हणजे कष्टकऱ्याची मजुरी बुडवणं.

मूर्तिकार हिंदू आहेत, मग चालेल का, असं विचारणारे भेटतात. चालेल. मूर्ती आशीर्वादित होते ती चर्चमध्ये, प्रार्थनेने. ओळीतल्या त्या घरात चपला बाहेर काढूनच मातीला हात लावतात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

६. उन्हाळा आणि कूलर

नागपूरचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो. चर्चमध्ये एप्रिलपासून मोठाले कूलर लागतात, म्हणजे दिवसभर ओली हवा. रात्री ते बंद, की पुन्हा भट्टी. लाकूड या फुगण्या-आकसण्यात चिरतं. सागवान घ्यावं आणि नीट सुकवलेलंच घ्यावं. आपल्या दक्षिणेला चंद्रपूर-बल्लारपूरचं सागवान आहे, अयोध्येच्या राममंदिरासाठीही ते इथूनच गेलं. कूलरचा झोत मूर्तीवर येणार नाही असं पाहावं, आणि पाया जमिनीला चिकटवू नये, नाहीतर वाळवी. फायबर हलकं आणि स्वस्त, पण पश्चिमेच्या खिडकीचं ऊन खाऊन त्याचा रंग उडतो. संगमरवर हवा तर जयपूरच्या खजानेवालों का रास्ता या गल्लीतले कारागीर ख्रिस्ती मूर्तीही करतात. फक्त वजन पेलेल अशी जमीन आहे का, हे आधी इंजिनिअरला विचारा. प्लास्टर ऑफ पॅरिस नाताळच्या गोठ्यापुरतं ठीक.

७. देणगीदाराचं नाव

देणगी मूर्तीसाठी घ्यावी, निवडीसाठी नाही. आधी परिषदेने आणि फादरांनी मूर्ती ठरवावी, मग देणगीचं आवाहन करावं. नाव नोंदवहीत लिहावं, मूर्तीच्या चौथऱ्यावर नको.

८. स्वस्तात मिळणारं जुनं

"गोव्याच्या जुन्या चर्चमधली आहे, दीडशे वर्षांची" असं सांगून कुणी मूर्ती दाखवली तर कागद मागा. शंभर वर्षांवरची शिल्पं आणि चित्रं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात; त्यांची विक्री परवानाधारकच करू शकतो आणि नोंदणीही लागते. हस्तिदंताचा येशू कितीही सुंदर असला तरी विकत घेऊ नका, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ती मूर्ती कुठल्या तरी गावाच्या वेदीवरून चोरून आणलेली असू शकते, आणि तिथले लोक अजून तिला शोधत असतील.

९. कागदावर आणा

कलावंताशी करार साध्या मराठीत दोन पानांचा असावा : माप, साहित्य, हप्ते, मातीच्या टप्प्यावरची मंजुरी, वाहतूक कोणाची. कॉपीराइटचंही लिहा. १९५७ च्या कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पण त्या कलमात शिल्पाचा उल्लेख नाही. म्हणजे मूर्तीचा फोटो वार्षिक सणाच्या पत्रिकेवर छापायचा असला तरी ते आधी ठरलेलं बरं. मूर्ती कुणाच्याही घरची असो, तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण झालं तर हरकत घेण्याचा कलावंताचा अधिकार राहतोच.

१०. जुनी मूर्ती रंगाऱ्याला देऊ नका

सण जवळ आला की कुणीतरी उत्साहाने ऑइल पेंटचा डबा घेऊन येतं. जुन्या मूर्तीचं मूळ रंगकाम त्या चकचकीत थराखाली कायमचं जातं. पुरातन, कलादृष्ट्या मोलाच्या किंवा भक्तीमुळे मोलाच्या झालेल्या मूर्तीची दुरुस्ती बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही आणि परवानगी देण्याआधी त्यांनी जाणकारांना विचारायचं असतं, हे धर्मविधीसंहितेत लिहिलेलं आहे. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली आशीर्वादित मूर्ती भंगारात किंवा नागनदीत टाकू नये. ती चर्चच्या आवारात किंवा दफनभूमीत पुरावी. आणि जी आहे तिची नोंद ठेवावी : पुढून, मागून आणि पायाखालून काढलेले फोटो, माप, कुणी घडवली, कधी आशीर्वादित झाली, काय दुरुस्ती केली. एक प्रत पॅरिश ऑफिसात आणि एक बिशप हाऊसला द्यावी, म्हणजे फादर बदलले तरी पुढच्यांना पहिल्यापासून विचारत बसावं लागत नाही.