सुट्टीत एवढं जड वाचन कशाला?

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत असते, यंदा सातवीत जाईल. शाळेने उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी दिली आहे. बहुतेक पुस्तकं वर्णभेदाची नाहीतर स्थलांतराची. सुट्टीत मुलांना असलं का वाचायला लावतात? मला तिच्याबरोबर वाचायचं आहे, कुठून सुरुवात करू?
– एक आजी, सांगली

उत्तर : तिकडे उन्हाळ्याची सुट्टी अडीच-तीन महिन्यांची. तेवढ्यात वाचनाची सवय मोडते, म्हणून यादी. यादीत हे विषय आले ते मात्र भांडून; आधी अशी पुस्तकंच फारशी नव्हती. १९६५ साली शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांतली पाच हजारांहून अधिक बालपुस्तकं तपासली. ज्यात एक तरी काळी व्यक्ती दिसते, अशी सात टक्केसुद्धा निघाली नाहीत.

सुरुवात मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’पासून करा. १९७६ची कादंबरी, काळ १९३३चा, गाव मिसिसिपीतलं. सहा वर्षांचा, कमालीचा टापटीप लिटल मॅन पहिल्यांदाच हातात येणाऱ्या पाठ्यपुस्तकाची वाट बघत असतो. मिळतं ते मळकं. आत चिकटवलेल्या तक्त्यात साल, पुस्तकाची अवस्था आणि विद्यार्थ्याचा वर्ण लिहिलेला. गोऱ्या मुलांनी अकरा वर्षं वापरून झाल्यावर, ‘अगदी वाईट’ असा शेरा पडल्यावर ते काळ्यांच्या शाळेत आलंय. पोरगं ते फेकून देतं आणि छड्या खातं. त्याची आई त्याच शाळेत शिकवते. ती काय करते, तर त्या तक्त्यावर कागद चिकटवते. गुलामगिरीवरचा अख्खा धडा वाचून जे मुलांच्या डोक्यात शिरत नाही, ते या एका प्रसंगाने शिरतं. म्हणून हे ‘जड’ मला मान्य नाही. पुस्तकात अपमानाचे शब्द जसेच्या तसे आहेत. नात अडली तर त्यावर बोला, पान उलटू नका.

हे फार दूरचं वाटलं तर जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ घ्या. चित्रकथा आहे म्हणून नाक मुरडू नका. २०२०चं बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक तिला मिळालं, चित्रकथेला पहिल्यांदाच. श्रीमंतांच्या शाळेतले शिक्षक काळ्या मुलांच्या नावांची अदलाबदल करत राहतात, हे वाचून तुमची नात बहुधा स्वतःच्या नावाचे किस्से सांगू लागेल. टेक्ससमधल्या केटीच्या शाळांनी २०२१मध्ये हेच पुस्तक तक्रारीवरून काढलं आणि तपासणीनंतर परत ठेवलं.

तुमच्याकडूनही तिला एक गोष्ट द्या : जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. न्यू जर्सीच्या वर्गात हे ऐकून शिक्षकही चकित होतील.

दोघींनी एकाच आठवड्यात तीच प्रकरणं वाचा आणि रविवारी फोनवर बोला. प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही परीक्षा घेऊ लागलात, तर पुढच्या रविवारी तिला नेमका गृहपाठ निघेल.