विमानाचं तिकीट काढताना

छत्रपती संभाजीनगर

चि. ऋतुजास,

दिल्लीची नोकरी पक्की झाली, आता चिकलठाण्याच्या विमानतळावर तुझी ये-जा वाढणार. एसटी आणि रेल्वेचे नियम आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. विमानाचे मात्र बहुतेक प्रवाशांना गोंधळ झाल्यावर, काउंटरपुढच्या गर्दीतच कळतात. तुला ते आधी माहीत असावेत.

डिसेंबर २०२५ आठव. वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, इंडिगो विमान कंपनीची तयारी अपुरी पडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी इतकी भडकली की सरकारने कमाल मर्यादा घातली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये. मुंबईच्या प्रवाशाला एरवी तासा-दोन तासांनी दुसरं विमान मिळतं. संभाजीनगरहून उड्डाणं मोजकीच; एक गेलं की बहुधा दुसरा दिवस उजाडतो. म्हणून आपल्या गावच्या प्रवाशाने हक्क जास्तच नीट जाणून घ्यायला हवेत.

उड्डाण रद्द झालं तर कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा पूर्ण पैसे परत करायचे. निवड प्रवाशाची. वेळेवर कळवलंच नसेल, तर डीजीसीए या सरकारी नियामकाच्या नियमाप्रमाणे वर भरपाईही आहे, उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल ५,००० ते १०,००० रुपये. दिल्लीच्या धुक्यासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही. परतावा मात्र तेव्हाही मिळतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर पुन्हा दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. शांतपणे मागायचं, आणि उत्तर ई-मेलवर किंवा लेखी घ्यायचं. दाद मिळाली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

एक चूक फार लोक करतात. उड्डाण रद्द होणार अशी कुजबुज कानावर आली की घाबरून स्वतःच तिकीट रद्द करतात, आणि रद्द करण्याचं शुल्क भरून बसतात. कंपनीचा संदेश येईपर्यंत थांब. स्वतःहून रद्द करावंच लागलं, तर सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही. एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच.

पुढेमागे मुंबईमार्गे परदेशी जाशील, तेव्हा दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घे. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही, पैसे बुडाले. त्यात मुंबईला टर्मिनल एक सांताक्रूझकडे, टर्मिनल दोन सहारला. बॅगा उचलून एकीकडून दुसरीकडे जावं लागतं. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नकोस. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी, आणि परदेशी जाताना पासपोर्टशी, अक्षरन् अक्षर जुळव. शहराचं नाव बदललं तरी विमानतळाचा कोड आयएक्सयू हाच आहे. बुकिंगमध्ये तो टाकलास की शोधाशोध होत नाही.

सामानाचं थोडक्यात. साध्या तिकिटावर सहसा १५ किलो चेक-इनला आणि ७ किलो हातात चालतं, पण दर वेळी तिकीट वाचून घे. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. ती जवळच ठेवायची. आई सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देईल, त्या घरीच राहू देत : तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. तिचं लोणचं मात्र घट्ट बंद करून चेक-इनच्या बॅगेत घाल. दागिने त्या बॅगेत अजिबात ठेवू नकोस. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली तर कंपनीची जबाबदारी साधारण २०,००० रुपयांपुरतीच असते. बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच लेखी तक्रार करून तिची प्रत घे. बाहेर पडल्यावर बॅग कुठे फुटली हे सिद्ध करणं फार अवघड होतं.

चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. जालना रोडवरची संध्याकाळची गर्दी तुला माहीत आहे, तेव्हा घरून दोन-अडीच तास आधी नीघ.

तुझा,
मामा