एकोणऐंशी म्हणजे किती?

मी पडलो कॉन्व्हेंटचा. कॅन्टीनच्या काकांनी बिल 'एकोणऐंशी' सांगितलं की मी न चुकता ८९ रुपये मोजून द्यायचो. काका हसून दहा परत करायचे. अख्खं पहिलं सेमिस्टर हे चाललं.

आता प्रश्न असा, की शब्दाचा अर्थ ठरतो कशावरून? एक उत्तर: बोलणाऱ्याच्या कलावरून, म्हणजे डिस्पोझिशनवरून. शब्द ऐकून तुम्ही जे कराल, तोच तुमच्यापुरता अर्थ. पण मग माझ्यापुरता 'एकोणऐंशी' म्हणजे ८९च, आणि मी कधी चुकलोच नाही!

सॉल क्रिप्के या अमेरिकन तत्त्वज्ञाने विटगेनस्टाइनवरच्या १९८२च्या पुस्तकात ही अडचण मांडली. समजा, आजवर तुम्ही ५७पेक्षा लहान आकडेच मिळवलेत. मग ६८ + ५७ = १२५ च का? 'आकडा ५७ किंवा मोठा असेल तर उत्तर ५', असा तुमचा नियम नव्हता कशावरून? 'माझा कल १२५ कडेच' म्हणाल, तर कल मर्यादित असतो, चुकीचाही असतो. तुम्ही काय कराल ते तो सांगतो. काय करायला हवं ते नाही. मीटरचं रीडिंग वेगळं, कॅलिब्रेशन वेगळं.

कोणी म्हणेल, चूक सुधारून घेणं हाही कलच. बरोबर. पण कुठली दुरुस्ती योग्य, हे कशावरून ठरवायचं? 'योग्य' पुन्हा आलंच.

थोडक्यात, काकांनी परत केलेल्या त्या दहा रुपयांचा हिशोब नुसत्या सवयीने लागत नाही.